दम वाढवा, यकृत जपा

पूर्वी नांगरटीच्या दिवसांत गडी बैलांमागे कोसच्या कोस चालत असे. बायामाणसे विहिरीचे पाणी डोईवरून आणीत. आज ट्रॅक्टर आहे, अनेकांच्या दाराशी नळ आहे, मळ्यात जायला मोटारसायकल आहे आणि पंपही मोबाइलवरून सुरू होतो. कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर चालणेही गेले आणि ताटातले जेवण मात्र तेवढेच राहिले. याचा हिशेब शरीरात कोठे मांडला जातो, ठाऊक आहे? यकृतात.

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांखाली असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. जेवणातून आलेली काही साखर ते कणगीत धान्य भरावे तशी साठवते. कणगी भरली, की उरलेल्या साखरेची चरबी होऊ लागते. ही चरबी यकृतातच साठत गेली, की डॉक्टर त्याला ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. दारूने असे होते हे आपण ऐकलेले असते. पण दारूचा थेंबही न घेणाऱ्या घरधन्याला आणि माउलीलाही हे होते. बहुधा ते दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ते फसवे. पुढे काहींचे यकृत सुजते, कठीण होते. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

“मी तर सडपातळ, मला काय होणार?” असे म्हणू नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपला भारतीय बांधा जन्मापासूनच चरबीकडे झुकलेला असतो, हे त्याचे एक कारण. पण आणखी एक फरक होता: युडकिन मॅरेथॉन धावणारे होते.

बांधा बदलता येत नाही. दम मात्र वाढवता येतो. भरभर चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे यकृतावरचा भार हलका होतो. वजन फारसे न उतरताही नियमित व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. जाड माणसाचे वजन शंभरात सात ते दहा किलो या प्रमाणात उतरले, तर यकृताची सूजही ओसरू शकते.

“आम्ही शेतात राबतोच की!” असे तुम्ही म्हणाल. ज्याला बारा महिने दम लागेल असे काम आहे, त्याने वेगळा व्यायाम केला नाही तरी चालेल. पण सुगी संपल्यावर तुमचा दिवस कसा जातो, ते आठवून पाहा.

आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चाला. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. सुरुवात दहा मिनिटांपासून करा. मळा जवळ असेल तर मोटारसायकल घरीच ठेवा. सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नका. कारण व्यायामाचा गुण एक-दोन दिवसच टिकतो. सासू-सुना, जावा-जावा मिळून निघाल्या, तर चालणेही होते आणि सुखदुःखाच्या गोष्टीही होतात. जोडीला चहातली साखर आणि बाटलीतली गोड पेये कमी करा. दारूला शिवूच नका.

पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० च्या वर गेली असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. छातीत दुखत असेल, थोड्या श्रमाने धाप लागत असेल किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारूनच चालायला लागा.

बैल दावणीला बांधून ठेवला तर तो सुस्तावतो, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या देहाचेही तसेच आहे.