ब्रेकच्या पलीकडे पाहिले पाहिजे

सुरत-नागपूर महामार्ग जळगाव शहराच्या मधून जातो. शहर वाढले, हायवेच्या दोन्ही बाजूंना कॉलन्या आणि शाळा झाल्या, आणि दुचाकीवरचा माणूस ट्रकच्या गर्दीत शिरूनच रोज ये-जा करू लागला. कित्येक घरांतली माणसे अपघातांत गेली. दोन्ही बाजूंना समांतर रस्ते द्या, एवढीच मागणी होती. त्यासाठी जळगावकरांना आंदोलने करावी लागली. पुढे खोटेनगर ते कालिंकामाता चौपदरीकरण झाले, दादावाडी आणि प्रभात चौकात भुयारी मार्ग झाले. समांतर रस्ते मात्र मागेच राहिले. वेगासाठी निधी आधी मिळाला.

फेब्रुवारी 2020 मध्ये याच जिल्ह्यात, यावल तालुक्यात हिंगोण्याजवळ डंपर आणि क्रूझरची धडक होऊन किमान 10 जण गेले. वर्षभराने किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून 15 मजूर ठार झाले. ते मालावर बसून घरी परतत होते. मजुरांना रात्री सुखरूप नेणारी गाडी हीदेखील रस्ता सुरक्षेतली गुंतवणूकच मानली पाहिजे. जुलै 2022 मध्ये इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटला पुलाचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली, 12 जण दगावले.

आणि 4 जुलै 2023. शिरपूर तालुक्यातले पळासनेर. मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले, वाटेतल्या गाड्यांना धडकत तो थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. किमान 10 जण मृत्युमुखी पडले. ब्रेक फेल झाले हे कारण लगेच सांगितले गेले. पण लांब उतारावर ब्रेक तापतात, हे घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असते. म्हणूनच अशा उताराला जागोजागी वाळू-खडीचा चढता फाटा ठेवतात, सुटलेली गाडी त्यात रुतून थांबते. उतार संपतो तिथे बसथांबा किंवा हॉटेल नको, हेही आराखड्यातच ठरवता येते.

सरकारी व्याख्येत 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’. म्हणजे आधी माणसे जायची, मग निधी. हा क्रम मला मान्य नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आले. सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाल्यास संबंधित यंत्रणा आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीही असते. आपल्या गावाजवळचे घातक वळण, तुटलेला कठडा, अंधारा फाटा या समितीला फोटोसह लेखी कळवा, आणि पोच घ्या.