मागचा लहान शब्द

"देऊन टाक" म्हणताना आपण काही फेकीत नाही. इंग्रजीतही क्रियापदामागचा लहान शब्द असाच अर्थ फिरवितो. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण संप 'पुट ऑफ' केला म्हणजे पुढे ढकलला. 'कॉल' म्हणजे हाक मारणे. 'कॉल ऑफ' केला म्हणजे मागे घेतला.

कारखान्याच्या फाटकावर 'ले ऑफ'ची नोटीस लागली की आष्टीहून गेलेला कामगार समजतो, नोकरी संपली! तो गाठोडे बांधतो. बोलीच्या इंग्रजीत तसा अर्थ होतोही. परंतु १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जो 'ले ऑफ' आला, त्यात काम तात्पुरते नसते, नाव मात्र पटावर राहते. आणि पात्र कामगारास मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई ठरविली गेली. म्हणून मागचा शब्द वाचा, कायद्यातला अर्थ विचारा. मगच गाठोडे बांधा.