बैहरची छिंद, आपली शिंदी

बैहरहून मुक्कीकडे जाताना खजुरासारखी झाडं दिसतील. हिंदीत छिंद, आपल्याकडे शिंदी. आजीच्या घरचा फडा हिच्याच पानांचा! छिंदवाड्याचं नावही हिच्यावरूनच पडलं म्हणतात.

मे-जूनमध्ये घोस पिकतात. बी मोठी, गर जेमतेम, पण गोड-तुरट चव जिभेवर राहते. थंडीत खोडाला खाच पाडून रस काढतात. पहाटेचा ताजा रस म्हणजे नीरा, ऊन चढलं की तो आंबतो आणि त्यालाही शिंदीच म्हणतात. (तो मोठ्यांचा विषय.)

शेंड्यातला पांढरा कोवळा गाभाही खातात. पण शिंदीच्या खोडाला शेंडा एकच. तो काढला की झाड मेलं. एका वेळच्या भाजीसाठी पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांची फळं गेली. तेव्हा पोरांनो, सुट्टीत आलात की खाली पडलेली फळं वेचा, गाभा मागू नका.