निजामी ठाण्यांचे दप्तर

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपुष्टात आली. भारतीय सैन्याच्या ज्या मोहिमेने ती संपली तिला 'पोलीस ॲक्शन' असे नाव पडले, आणि मराठवाड्यात आजही तेच रूढ आहे. पण त्याआधी परभणी जिल्ह्यातील रयत ज्यांना पोलीस म्हणून ओळखत होती, आणि ज्यांची चाहूल लागताच वाटेतून बाजूला होत होती, ते अर्थातच निराळे होते. त्या जुन्या पोलीस दलाचे आज आपल्यापाशी काय उरले आहे, हा प्रश्न वरवर पाहता हौशी संग्राहकाचा वाटेल. तो तसा नाही.

या दलाची घडी पहिल्या सालारजंगाच्या कारकिर्दीतली. 1865 च्या जिल्हाबंदीनंतर जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार झाला. पोलिसांवर देखरेख त्याची, तर प्रत्यक्ष कारभार मोहतमिमाच्या हाती. त्याच्या हाताखाली अमीन आणि त्याखाली ठाण्यावरचे जवान, अशी ही उतरंड होती. गावात माली पाटलाबरोबर पोलीस पाटीलही असे, आणि शेतसनदी राखणदारी करी. पुढे 1329 फसलीत, म्हणजे 1919-20 साली, जिल्हा पोलिसांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मात्र दिवाणी मुलखापलीकडे पायगे व मोठ्या जहागिरींतून पोलिसांची व्यवस्था वेगळी असे. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, तेव्हाच हा दुजाभाव मिटला.

या दलाविषयी मराठवाड्याच्या मनात ममत्व नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. 1938 च्या सत्याग्रहात सत्याग्रहींना पकडून नेणारे हेच पोलीस होते. 1947-48 च्या काळ्या दिवसांत रझाकारांच्या अत्याचारांकडे त्यांनी कित्येक ठिकाणी कानाडोळा केला, तर काही ठिकाणी प्रत्यक्ष साथही दिली. मग अशांचे बिल्ले, पट्टे आणि रोजनामचे कशासाठी जपायचे, असे कोणी विचारील.

त्याचे उत्तर असे की, जुलमाची साक्ष जुलमी माणसाच्या दप्तरातच सर्वांत पक्की असते. कोणाला कोणत्या दिवशी अटक झाली, कोणाकडून मुचलका लिहून घेतला, कोणत्या फिर्यादीची नोंद झाली आणि कोणत्या फिर्यादीची झालीच नाही, हे स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींइतकेच ठाण्याच्या वहीनेही सांगावयाचे असते. शिवाय सप्टेंबर 1948 नंतर मराठवाड्याच्या काही भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे बेतले, तेही इतिहासाचाच भाग आहे. कागद दोन्ही बाजूंचे दुःख नोंदवितो. आपल्या आठवणी मात्र सोयीचे तेवढेच लक्षात ठेवतात.

या कागदांचे मोल अलीकडे अगदी वेगळ्याच वाटेने कळून आले. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली दप्तराबरोबर पोलिसांच्या गुन्हे नोंदवह्या आणि अटक पंचनामेही तपासण्याच्या यादीत आले. ज्या वहीत आजोबांचे नाव आरोपी म्हणून लिहिले गेले, तीच वही नातवाच्या हक्काचा आधार ठरू शकते! परंतु वही सापडली तरी ती वाचणार कोण? 1880 च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. घाईने लिहिलेली ती उर्दू, तिच्यातील फसली साल, आजूर ते आबान ही महिन्यांची नावे, आणि पाटील-पटवाऱ्यांचे मोडी कागद हे सारे उलगडू शकणारी माणसे आता विरळ झाली आहेत. 1357 फसली म्हणजे 1947-48, एवढे साधे गणितही नव्या पिढीला अपरिचित आहे.

त्यात जिल्ह्याचीही वाटणी झाली. 1981 मध्ये परतूर जालन्याकडे गेले, 1999 मध्ये हिंगोली वेगळी झाली. साहजिकच जुन्या परभणी जिल्ह्याचे दप्तर आज एकाच जिल्ह्याच्या कक्षेत मावणारे नाही, आणि वरिष्ठ कचेऱ्यांचे कागद तर हैदराबादेतच राहिले.

तेव्हा करावयाचे काम फार खर्चिक नाही. तिन्ही जिल्ह्यांतील जुन्या ठाण्यांच्या दप्तराची एकत्र यादी व्हावी, जीर्ण वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्या वृद्धांच्या हाताखाली चार-सहा तरुण बसवावेत. माळवदाच्या घरातील एखाद्या संदुकीत बिल्ला किंवा वर्दीचा पट्टा पडून असेल, तर तोही संकोच न बाळगता पुढे यावा. त्यात त्या घराची अप्रतिष्ठा नाही. चाकरीला राहिलेला प्रत्येक जवान जुलमीच होता असे नव्हे, आणि जे जुलमी होते त्यांचा हिशेब त्यांच्या नातवंडांकडून मागावयाचा नाही.

दरवर्षी 17 सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करतो आणि हुतात्म्यांना अभिवादन करतो. ते योग्यच आहे. परंतु कोणापासून मुक्त झालो हे सांगणारा कागद वाळवीच्या स्वाधीन करून मुक्तीचा उत्सव साजरा करणे, हे काही शहाणपणाचे लक्षण म्हणता येणार नाही.