आधी जवळ बसा



सातपुड्यातील पाड्यांवर मी काम सुरू केले, तेव्हा जबर मारहाण झालेल्या एका बहिणीला माझा पहिलाच प्रश्न होता, "रात्री एकटी कशाला बाहेर पडलीस?" ती गप्प झाली. पुढे तिने मला काहीच सांगितले नाही. ईश्वरविद्येचा डिप्लोमा माझ्याजवळ होता, पण घायाळ माणसाजवळ कसे बसावे हे मला ठाऊक नव्हते. म्हणून नव्या कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण मी या चुकीपासूनच सुरू करते.

पहिला धडा ऐकण्याचा. दयाळू शोमरोन्याने 'या वाटेने का आलास?' असे विचारले नाही. आधी जखमा बांधल्या. आपणही 'का' विचारू नये. भिली असो वा पावरी, तिला तिच्या बोलीत बोलू द्यावे. तीच हकीगत चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.

दुसरा धडा, खोटे वचन देऊ नये. पीडित 18 वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा "कोणाला सांगणार नाही" असे म्हणू नये. "गरज असेल त्यांनाच सांगू, आणि मी तुझ्यासोबत येईन" असे म्हणावे.

तिसरा धडा धावपळीचा. लैंगिक अत्याचार व अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडितांवर सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार केलेच पाहिजेत. लैंगिक अत्याचार झाला असेल तर अंगावरचे कपडे धुऊ नयेत; सुकवून कागदी पिशवीत ठेवावेत. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. अशा पीडितांना मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

चौथा धडा सर्वांत अवघड. पाड्यावर पंच बसतात, दंड ठरतो आणि प्रकरण 'मिटते'. पण बलात्कारासारखा गुन्हा पंचांना मिटवता येत नाही, आणि दंडाने त्या मुलीचे भय जात नाही. आपणही कधी कधी घाईने "क्षमा कर" म्हणतो. क्षमा ही तिची आणि देवाची गोष्ट आहे. तिची वेळ आपण ठरवू नये. क्षमा केली तरी न्याय मागण्याचा तिचा हक्क राहतोच.

शेवटी, परत जा. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. कोर्टाच्या तारखा मात्र वर्षानुवर्षे चालतात, आणि तेव्हा एसटीत तिच्या शेजारी बसायला कोणी नसते. शोमरोनीही जखमीला उतारशाळेत सोडून मोकळा झाला नाही. परत येईन असे सांगून गेला.

आपल्या प्रार्थनेत या बहिणींची आणि त्यांच्यासोबत तारखेला जाणाऱ्या कार्यकर्त्यांची आठवण ठेवा. तुमच्या शेजारी असे कोणी असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा.