मास्तरकी सोडून नांगराच्या धंद्यात

मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर ड्रॉइंग शिकवीत. पगार महिन्याच्या महिन्याला. घरच्यांना आणखी काय हवे असते? पण बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

हातात काही नसताना मात्र त्यांनी नोकरी सोडली नव्हती. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे, बंधू रामुअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. माल गळ्यात मारून मोकळे होणे निराळे आणि गिऱ्हाइकाला तो वापरता येईपर्यंत त्याच्यासोबत राहणे निराळे. गावात नाव होते ते या दुसऱ्या रीतीने.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे गेली, असे सांगतात. त्या शेतकऱ्यांना आज कुणी हसू नये. ज्याच्या घराचे वर्षाचे पोट एका वावरावर, तो परक्याच्या शब्दावर ते वावर पणाला लावत नाही. शेतीचे अवजार भाषणाने खपत नाही. शेजारच्या रानात चाललेले पाहिले म्हणजे खपते.

ओळखी कामी आल्या त्याही पाहण्यासारख्या. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन आणि कर्ज दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफांचे लोखंड नांगरासाठी दिले. राजेलोकांची ओळख प्रत्येकाला कुठून मिळणार, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण १९२० साली वाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघू लागले, ते काही राजांसाठी नव्हते. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांच्या घरापर्यंत जावी, संबंध तुटू नये, हा त्यामागचा विचार होता. पुढे त्यातूनच मराठीतले नामांकित मासिक उभे राहिले.

आज शाळेतली, बँकेतली किंवा गिरणीतली नोकरी सोडून मोटारी, पाइप, पशुखाद्य विकायला निघालेली मुले गावोगाव दिसतात. मुलीही दिसतात, आणि बायाबापड्यांशी त्यांचे बोलणे लवकर जुळते. या मुलांनी पहिला माल भावकीत उधारीवर देऊ नये. उधारी थकली की पैसाही जातो आणि येणेजाणेही. त्यापेक्षा जुन्या नोकरीतल्या ओळखी धराव्यात. मास्तराला शंभर घरे ओळखतात, दूध संस्थेच्या कारकुनाला कुणाच्या गोठ्यात किती जनावरे ते ठाऊक असते. बी-बियाणे, खते, औषधे विकायची तर कृषी खात्याचा परवाना लागतो. तो नसताना दुकान मांडू नये.

ओळखीच्या नावाने एक फसवणूकही चालते. आधी पैसे भरा, मग पाहुण्यारावळ्यांना सभासद करा, त्यांच्या भरण्यातून तुम्हाला वाटा, असा तो प्रकार असतो. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही साखळीयोजनांना मनाई केली आहे. कमाई माल विकून होते की माणसे जोडून, एवढे एकच विचारावे. माणसे जोडून होत असेल तर चहा पिऊन उठावे.

बाकी काम वहीचे. एका पानावर एक घर. विहीर किती खोल, मोटार किती अश्वशक्तीची, पीक कोणते, घरात खरेदीचा शब्द कुणाचा. हा शेवटचा रकाना बरेच जण मोकळा ठेवतात आणि बाप्याशी तासभर बोलून परततात. निर्णय मात्र आत चुलीपाशी झालेला असतो. माल दिल्यावर आठ दिवसांनी, काही विकायचे नसताना एक चक्कर टाकावी. मोटार आवाज करते का, पाणी नीट चढते का, ते पाहावे. पुढच्या दोन घरांची नावे बहुधा त्याच ओसरीवर मिळतात.