मुहूर्त मोजके, हप्ते बारा

लग्नघरात भटजींच्या खालोखाल कुणाचा शब्द चालत असेल तर तो फोटोग्राफरचा. 'मामा, जरा डावीकडे' म्हटलं की मामा निमूट सरकतात. पैशांची गोष्ट निघाली की हाच माणूस एकदम संकोचतो. 'द्याल ते द्या, घरचंच कार्य आहे!' हे वाक्य ऐकलं की माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो.

कॅमेऱ्यासाठी कर्ज मागायला येणाऱ्या मुलांच्या अर्जात कॅमेऱ्याची किंमत रुपयापर्यंत अचूक असे. उत्पन्नाच्या रकान्यात मात्र 'दरमहा चार लग्नं'! दरमहा? आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक घरांत मुहूर्तांना कुलूप. पौषात पुष्कळ जण कार्य धरत नाहीत. २०२६ सालच्या अधिक ज्येष्ठासारखा अधिकमास ऐन हंगामात आला तर आणखी एक महिना गेला. बँकेचा हप्ता मात्र पंचांग बघत नाही.

तीन लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ९,८०० रुपये येतो. वर्षाचे झाले सुमारे १ लाख १८ हजार. लग्नं २५ मिळाली तर प्रत्येक बिलातले ४,७०० रुपये बँकेचे. शेजारच्या स्टुडिओपेक्षा पाच हजारांनी स्वस्त सांगणारा मुलगा हा हप्ताच सोडून देत असतो, आणि ते त्याच्या लक्षात येतं आषाढात.

दर लग्नाच्या दिवसावरून ठरवू नये. पूर्वी ३६ फोटोंचा रोल हात आखडायला लावी. आता दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. त्यांची निवड, रंग सुधारणं, अल्बमची मांडणी यांत पुढचे चार-पाच दिवस जातात. त्या दिवसांची मजुरी, मदतनिसाचा रोज, छपाई, प्रवास, फोटो दोन ठिकाणी साठवायच्या हार्ड डिस्क, सगळं दरात धरायला हवं. दुसरा कॅमेराही हवाच. अंतरपाट एकदाच दूर होतो. 'गुरुजी, पुन्हा एकदा' म्हणता येत नाही.

करार हा शब्द लग्नघरात अभद्र वाटतो खरा. पण हॉलवाला पावती करतोच ना? तारीख, तास, हळद धरून की सोडून, अल्बमची पानं हे लिहून घ्यावं. पैसे मुलीकडचे देणार की मुलाकडचे, हेही. 'दोघं मिळून' म्हणजे पुष्कळदा कोणीच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर ज्याने पैसे देऊन फोटो काढवून घेतले तोच त्यांचा पहिला मालक. तेव्हा नवरीचा फोटो आपल्या जाहिरातीत लावायचा असेल तर परवानगी त्याच कागदावर घ्यावी.

पैसे सगळ्यात जास्त अडकतात ते अल्बमच्या निवडीत. नवरा-नवरी बंगळूरला, निवड करणाऱ्या आत्याबाई साताऱ्याला. सहा महिने निवड होत नाही, म्हणून अल्बम छापत नाही, म्हणून 'अल्बम मिळाल्यावर देऊ' म्हटलेले पैसे येत नाहीत. यावर उपाय असा: अर्धी रक्कम तारीख धरताना, ४० टक्के लग्नाच्या आदल्या दिवशी, अल्बमसाठी फक्त १० टक्के बाकी. शिवाय एक कलम घालावं, की ४५ दिवसांत निवड आली नाही तर फोटो फोटोग्राफर निवडेल. या कलमाचा धाक मोठा. आत्याबाई अल्बमात कशा दिसाव्यात हे परक्या माणसावर सोपवायला कोणतंच घर तयार नसतं.